दाराजवळचा पोपडा

आमचे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावतात. लोक पाण्याचा पेला पुढे करतात, बसा म्हणतात, आणि हे आपले तळवा भिंतीवर टेकवून उभे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. हात सरकत जातो, एका ठिकाणी बोट थांबतं, आणि म्हणतात, "लांबी नीट भरली नाही इथे." रंगाआधी खड्डे बुजवायला भरतात ती लांबी. यजमानांचा चेहरा पडतो. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही हेच केलं होतं. ताईकडे बघायचं सोडून बैठकीच्या खोलीतला कोपरा चाचपत होते. मी तेव्हाच ताईच्या कानात म्हटलं होतं, "याच्याशी लग्न केलंस तर दर वर्षाआड तुला घासून रंगवून काढेल." ताईने तरीही लग्न केलं, आणि अजून तरी तिला कुणी घासलेलं नाही.

भाऊजी घरं रंगवतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच काम, आणि त्याचा अभिमान इतका की विचारू नका. भिंत पुरी झाली की खोलीत अंधार करतात आणि दिवा भिंतीला लावून तिरका धरतात. उजेड भिंतीवरून सरकतो आणि कुठे कणभर उंचवटा राहिला असेल तर त्याची सावली पडते. भाऊजींच्या भिंतीवर सावली पडत नाही. पडली तर त्या दिवशी ते जेवत नाहीत, असं ताई सांगते. भाऊजींना न जेवलेलं मी आजवर पाहिलेलं नाही, त्यामुळे यावर माझा विश्वास नाही.

त्यांना दोन मुलं. मोठी मुलगी सात वर्षांची. ती उशिरा बोलायला लागली, पण लागली ती एकदम पुऱ्या वाक्यांत आणि उपदेशाच्या सुरात, म्हणून घरात तिला सगळे आजीबाई म्हणतात. "मावशी, तू चपला ओळीत काढल्या नाहीस," असं ती मला दारातच सांगते, आणि मी मुकाट्याने मागे जाऊन ओळीत ठेवते. धाकटा मुलगा पाच वर्षांचा. तो बोलत नाही, म्हणून त्याचं नाव मुनी. दोघांनाही ऑटिझम आहे. कागदांवर डॉक्टर 'स्वमग्न' लिहितात, तो शब्द मला मुळीच पटत नाही. मुनी स्वतःत कसला मग्न? तो भिंतीत मग्न असतो. नळाच्या धारेत असतो, पंख्याच्या सावलीत असतो, ताईच्या ओढणीच्या काठात असतो. स्वतःत मग्न असलेली माणसं बघायची असतील तर माझ्या चष्म्याच्या दुकानात (मी तिथे कामाला आहे) आरशासमोर येऊन उभं राहावं.

संध्याकाळी भाऊजी कामावरून आले की मुनी दारात उभा असायचा. हात-पाय धुवून झाले की दोघं घरातल्या बोळातून चालत जायचे, भिंतीवर हात फिरवत. वर बापाचा हात, खाली पोराचा. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं, तिथून परत. एक शब्द नाही. बाप-लेकाच्या गप्पा म्हणायच्या त्या एवढ्याच. कुठे टवका गेलेला असला की मुनीचं बोट तिथे बरोबर थांबायचं आणि भाऊजींची छाती फुगायची. "बघितलंस? रंगाऱ्याचा हात आहे. खराब जागा पोराच्या नजरेतून सुटत नाही." दुसऱ्या दिवशी ती जागा ते बुजवून टाकायचे. मुनी मग नवी शोधायचा. हे असं मुनी चालायला लागल्यापासून चाललं होतं आणि आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुक होतं.

मग शाळेचा प्रश्न आला. ताई दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते, सकाळची पाळी, त्यामुळे शाळा बघत हिंडायचं काम भाऊजींकडे आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे. अट एकच होती, दोघं एका शाळेत हवीत. हट्ट म्हणून नव्हे. मुनी कुठे आहे हे आजीबाईला ठाऊक नसलं की तिचं बाकी सगळं बंद पडतं. ती खात नाही, वाचत नाही, नुसती "मुनी कुठे आहे" एवढंच विचारत राहते.

पहिली शाळा अशी चकचकीत की चपला काढून आत जावंसं वाटावं. तिथल्या मॅडमनी आजीबाईला काहीतरी वाचून दाखव म्हटलं. तिने भिंतीवरची 'आग लागल्यास काय करावे' ही सूचना वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "आग कुठे लागली आहे?" मॅडम खूश झाल्या. मुनी तोवर टेबलाखाली आडवा झाला होता आणि टेबलाच्या पायाला गाल लावून पडला होता. "मुलगी आम्ही नक्की घेऊ," मॅडम म्हणाल्या. "मुलाचं मात्र..."

"मुलाचं मात्र काय?" मी विचारलं.

भाऊजींनी माझी बाही ओढली. मी बोलायला लागले की काम बिघडतं अशी त्यांची समजूत आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही.

दुसरी शाळा खास अशाच मुलांची. माणसं फार भली. मुनीला त्यांनी हसत जवळ केलं असतं. पण तिथे आजीबाईच्या वयाची मुलं अजून रंग ओळखायला शिकत होती, आणि हिने आल्या आल्या फळ्यावरची तारीख चुकल्याचं सांगून ती दुरुस्त करायला लावली. "हिला इथे ठेवलंत तर हिचं नुकसान होईल," तिथल्या शिक्षिकेने सरळ सांगितलं. खरं बोलणाऱ्या माणसावर चिडता येत नाही, ही माझी मोठी अडचण आहे.

तिसऱ्या शाळेने दोघांनाही घ्यायची तयारी दाखवली. तिथे एकच मोठा हॉल, शंभर आवाज, आणि चारी भिंतींवर सिंह, माकडं, विदूषक, सगळे दात काढून हसणारे. आजीबाईने कानांवर हात ठेवले. मुनीने भाऊजींच्या पोटात तोंड खुपसलं ते बाहेर येईपर्यंत काढलं नाही. माझं डोकं फिरलं. "कुठल्या शहाण्याने रंगवलंय हे?" मी फाटकापाशी म्हटलं.  बस आली, आम्ही चढलो, बसलो. मग भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी. सिंहाचे दात जरा जास्तच झाले."

त्या संध्याकाळी ताई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच टॉवेल तिने घडी घातला, उलगडला, परत घातला. "एक शाळा, दोन मुलं," ती म्हणाली. "आपण असं काय मोठं मागतोय?"  आजीबाईने सांगितलं, "आई, टॉवेलची घडी झालेली आहे."

चौथी शाळा दवाखान्यातल्याच एका परिचारिकेने सुचवली. छापखान्यामागच्या गल्लीत एक जुनं बैठं घर, त्यात शेजारी-शेजारी दोन खोल्या, मध्ये दार, आणि ते दार कायम उघडं. एका खोलीत बोलणारी मुलं, दुसरीत न बोलणारी. छापखान्याच्या यंत्राची घरघर भिंतीतून ऐकू यायची. मला वाटलं, झालं, आता आजीबाईचे हात कानावर जाणार. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा आवाज एकसारखा आहे. चालेल." मधल्या दारातून पलीकडची खोली दिसते हे तिने तपासलं, आणि पुस्तकांच्या कपाटासमोर फतकल मारून बसली.

शाळा चालवणाऱ्या बाई किडकिडीत, केस पिकलेले, पायात मऊ तळव्यांचे बूट. त्यांनी मुनीला नाव विचारलं नाही. न बोलणाऱ्या मुलांच्या खोलीत त्या जमिनीवर, त्याच्याकडे पाठ करून बसल्या आणि लाकडी ठोकळे एकावर एक रचू लागल्या. मुनी बाहेरच्या उंबऱ्यावर उभा. दाराच्या कडेला, त्याच्या छातीएवढ्या उंचीवर, भिंतीचा मोठा पोपडा निघाला होता. वरचा पिवळा रंग उडालेला, त्याखाली हिरव्याची कड, त्याखाली निळ्याची, आणि मध्ये नुसता गिलावा. मुनीने बोट पिवळ्याच्या काठावर ठेवलं. काठाकाठाने सावकाश सगळीकडून फिरवलं. आणि चालत आत गेला. कुणी ओढलं नाही, कुणी खाऊ दाखवला नाही. बाईंच्या पाठीला पाठ लावून खाली बसला.

माझ्या जिवात जीव आला. भाऊजींचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ते भिंतीला हात लावत होते.

त्यानंतर आम्ही तिथे काही वेळा गेलो. प्रत्येक वेळी तेच. आधी पोपड्याला बोट, मग आत. बाई म्हणाल्या, "सुट्टीनंतर शाळा सुरू होईल तेव्हा पहिले दोन आठवडे बघू. ओढून आत आणायचं नाही, हा आमचा नियम. आपणहून येऊन बसला की जागा पक्की. नाही जमलं तर दुसरं एक मूल वाट बघतंय, त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही." त्यात कुणाला काळजी वाटावी असं काहीच नव्हतं. मुनी तर आत जातच होता.

सुट्टीत भाऊजी बाईंकडे गेले आणि म्हणाले, दोन्ही खोल्या रंगवून देतो, पैसे नकोत. बाईंनी विचार केला आणि सांगितलं, "रंग मात्र तोच हवा. मुलांना बदल सोसत नाही." भाऊजींनी तो पिवळा असा जुळवून आणला की जुन्या-नव्यात फरक कळू नये. भिंती खरवडल्या, घासल्या, लांबी भरली, परत घासल्या, रंगाचे दोन हात दिले. दिवा तिरका धरून बघितला. मलाही बोलावून दाखवलं. त्यांच्या सगळ्या कामांत मी पाहिलेली ती सगळ्यात देखणी भिंत होती, आणि दाराजवळचा पोपडा कुठे होता हे सांगूनही सापडलं नसतं.

"मुनीला आधी एकदा आणून दाखवू या का?" ताईने विचारलं होतं.

"नको. शाळेच्या दिवशीच बघू दे," भाऊजी म्हणाले. मग जरा थांबून, खाली बघत, "अगं, दर वेळी त्या जागेला बोट लावून दाखवत होता तो. बाबा, हे नीट करा, म्हणून. आजवर पोराने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे पहिलं." यावर ताई काय बोलणार? मी तरी काय बोलणार? 

शाळेचा पहिला दिवस उजाडला. ताईने रजा घेतली होती, मी दुकानात सांगून आले होते. आजीबाई तडक कपाटापाशी गेली. मुनी उंबऱ्यावर आला आणि त्याचा हात भिंतीकडे गेला. हात सरकला. वर गेला, खाली आला. दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याने तिथे चाचपलं, परत पहिल्या बाजूला आला. आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला इथे लिहिता यायचा नाही. तो पायरीवर जाऊन बसला, गुडघ्यांत डोकं घालून, आणि तिथून हलला नाही. आतून आजीबाईचं सुरू झालं, "मुनी आत नाही. मुनी आत नाही." शेवटी तीही बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसली.

भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "रंग तोच आहे हो. रंग तोच आहे."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. बाई रोज पायरीवर त्यांच्याजवळ येऊन बसायच्या, पण मुनी उठायचा नाही. एक आठवडा असा पायरीवरच गेला. भाऊजींचं तोंड सुकून गेलं होतं आणि या वेळी ते खरंच जेवत नव्हते. आम्ही सगळे डोकं खाजवत होतो. वास येतो का रंगाचा? नवी चटई टोचते का? आजीबाईला आम्ही काही विचारलंच नव्हतं. तिने एके दुपारी पायरीवर बसल्या बसल्या आपण होऊनच, सूचना वाचून दाखवावी तसं सांगितलं, "मुनीची जागा बाबांनी बुजवली."

 भाऊजी शेजारच्या पालथ्या बादलीवर मटकन बसले. "खराब जागा दाखवत नव्हता तो?" त्यांनी ताईला विचारलं.

"अहो, मलाही आत्ता कळतंय," ताई हळू आवाजात म्हणाली. "त्याला ती आवडायची."

मी भाऊजींना जन्मभर चिडवत आले, पण त्या क्षणी चिडवायला तोंड उघडेना. मला डोळ्यांपुढे ताईच्या घरचा बोळ दिसत होता. पोराने एकेक आवडती जागा शोधून बापाला दाखवायची आणि बापाने कौतुकाने ती बुजवून टाकायची. इतकी वर्षं. आणि तरी रोज संध्याकाळी तो दारात उभा राहायचाच.

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर भाऊजींनी पत्रा घेऊन नव्या भिंतीवरची ती जागा खरवडली. दुसऱ्या सकाळी मुनीने बोट लावलं आणि पायरीवर परत गेला. बरोबरच होतं. भाऊजींनी जागा कशी खरवडली होती? काटकोनात. कडा सरळ, आत कोरा गिलावा. हिरवा आणि निळा तर पहिल्याच वेळी घासून निघून गेले होते.

मग ते निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या रंगाचे छोटे डबे घेऊन आले. आता एकावर एक थर चढवायचे, आणि तेही असे की सुटून यावेत. भिंत ओली ठेवायची, धूळ पुसायची नाही, प्रायमर लावायचा नाही. हाताखालच्या कामगारांना ज्या ज्या गोष्टींसाठी आयुष्यभर फैलावर घेतलं, त्या सगळ्या त्यांनी वीतभर जागेत ओळीने केल्या. थर वाळावेत म्हणून माझ्याकडून केस वाळवायचं यंत्र मागून नेलं. तरी मेला रंग सुटेना. हाताला सवयच नव्हती. "वाईट काम जमत नाही गं मला," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. आजीबाई मागे उभी राहून देखरेख करत होती. "निळा इतका जाड नव्हता. इथे काठाला चोच होती. बाबा, ही चोच नाही, हा त्रिकोण आहे." भाऊजी "हो बाई, हो" म्हणत चोच काढत होते. दोन-तीन दुपारी हेच.

दोन आठवड्यांच्या मुदतीतल्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी आम्ही परत उंबऱ्याशी उभे होतो. मुनीने बोट पिवळ्याच्या काठावर ठेवलं. थोडं फिरवलं. थांबला. 

तो पायरीकडे वळला नाही. काही हवं असलं की मुनी दुसऱ्याचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवतो. डबा उघडायचा असला की ताईचा, दिवा लावायचा असला की माझा. भाऊजींचा हात त्याने असा कधी धरला नव्हता. आता त्याने धरला. त्यांचं बोट ओढून पोपड्याच्या खालच्या काठावर टेकवलं आणि वरून दाबलं. भाऊजींनी नखाने जरा उचकटलं. पिवळ्याचा एक टवका खाली पडला. मुनीने बोट जरा पुढे सरकवलं आणि परत दाबलं. परत एक टवका. मागे इतर मुलं आणि त्यांच्या आया खोळंबल्या होत्या. बाईंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना थांबवलं होतं. बाप-लेक भिंत बिघडवत होते, खाली वाकून, अगदी मन लावून. शेवटी मुनीने भाऊजींचा हात सोडून दिला. आपलं बोट काठावर ठेवलं, सावकाश सगळीकडून फिरवलं, आणि चालत आत गेला. बाईंच्या नेहमीच्या जागी ठोकळे पडलेले होते, त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

पलीकडच्या खोलीतून आजीबाईचा आवाज आला, "मुनी आत आहे." एकदाच. मग पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. ताई माझ्या खांद्याला धरून उभी होती. भाऊजी आपल्या नखाकडे बघत होते. त्यात पिवळा रंग अडकला होता. "आता मागितलं त्याने," ते म्हणाले. "हे पहिलं."

जागा पक्की झाली. दोघं रोज शाळेत जातात. घरच्या बोळात आता ठिकठिकाणी टवके आहेत, रंगाऱ्याचं घर म्हणून सांगायला लाज वाटावी इतके, आणि संध्याकाळी दोन हात त्यांवरून फिरतात. मुनी अजून बोलत नाही. आजीबाई मला अजून चपलांवरून बोलते.

भाऊजी अजूनही कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावतात. पण कामाच्या ठिकाणी एखादा पोपडा, एखादी खरवडलेली जागा सापडली, त्यातून ती खाली, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर असली, की थांबतात आणि घरच्यांना विचारतात, "ही जागा कुणाची आहे का हो?" लोक हसतात. रंगारी चक्रम दिसतो, असं एकमेकांना खुणावतात. भाऊजी तसेच उभे राहतात. उत्तर मिळाल्याशिवाय ते लांबीचा डबा उघडत नाहीत.